भिंतीलगतचं पाणी

पाट काठोकाठ भरून वाहत होता आणि तरीही शेवटच्या फडातला गहू तहानेनं पिवळा पडत होता. या दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच आठवड्यात खऱ्या असतील, तर मधे कुणीतरी चोर असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बोरदऱ्याच्या लोकांनी चोर शोधायला फार लांब जायचे कष्ट घेतले नाहीत. पाणी फिरवणारी गावात एकच बाई होती. उज्ज्वला भामरे, गावची पाटकरी.

सकाळी नऊ वाजता पंचांनी तिला बंधाऱ्यावर बोलावलं. पाचही पंच उभे होते, आणि बसा असं कुणी कुणाला म्हणत नव्हतं, यावरूनच तिनं काय ते ओळखलं.

"उजाताई," मुख्य पंच दगाजी आप्पा खाली पाहत म्हणाले, "पाट भरेल शे. दारं उघडी शेत. मंग पानी जातं कुठं?"

"तेच मी बी विचारून राहिले, आप्पा."

"पाटकरी तू का आम्ही?" पंढरीनाथ देवरे मधेच तडकला. त्याचा आवाज मुळातच चढा, त्यात आज कारण मिळालेलं. "आठ दिवस झाले, प्रत्येक दारावर आम्ही पाळीनं मानूस बसवला. दार कोनी हलवलं नाही. चाव्या पंचांकडे. राहिलं कोन?"

एकोणीस वर्षं उज्ज्वला हे काम करत होती. त्याआधी तिचे वडील करत होते. वडील गेल्यावर बाईमाणूस पाटावर हिंडणार म्हणून ज्यांनी नाकं मुरडली, तेच पुढे आपल्या पोरींना तिचं उदाहरण देऊ लागले होते. आणि आज तीच माणसं तिच्या तोंडाकडे न बघता बोलत होती. तिला रडू आलं नाही, संताप आला.

"गव्हाले अजून किती दिवस शेत?" तिनं विचारलं.

"ओंबी दुधात शे. बारा दिवसांत पानी नाही भेटलं तर दाना पोचट."

"मंग आठव्या दिवशी इथंच या. पानी कुठं जातं ते दाखवते. नाही दाखवलं तर फावडं तुमच्या पायाशी ठेवून घरी जाईन."

दगाजी आप्पांनी मान डोलावली. पंढरीनाथ मात्र "बघू" म्हणाला, आणि त्याच्या त्या 'बघू'त तिचं फावडं त्यानं आधीच उचललेलं होतं.

बोरदऱ्याची शेती जुन्या फडाच्या रीतीनं चालते. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे चार फड. एका फडात सगळे एकच पीक घेतात, आणि गावातल्या प्रत्येक घराचा एकेक तुकडा चारही फडांत असतो. पाणी कमी पडलं तर एक अख्खा फड कोरडा सोडायचा. तोटा होतो तो सगळ्यांचा मिळून, एकट्याची मान कापली जात नाही. ज्यानं कुणी ही रीत घालून दिली त्याला शाळा ठाऊक नसेल, पण माणसं पुरती ठाऊक होती. ही सगळी रीत उभी आहे ती एका माणसाच्या शब्दावर, पाटकऱ्याच्या. त्याच्यावरचा विश्वास उडाला की फड म्हणजे नुसता जमिनीचा तुकडा.

या जुन्या रीतीत नवी गोष्ट शिरली ती तीन वर्षांपूर्वी, आणि ती आणली उज्ज्वलाच्या मुलीनं.

तेजल पुण्याला प्रवाहांचं शास्त्र शिकली आणि नाशिकला एका कंपनीत लागली. ही कंपनी कालव्यांना अस्तर लावत असे. काळं, रबरासारखं, हाताला मऊ. गावानं आधी हसून घेतलं. पाटाला रबरी सदरा कशाला, असं दगाजी आप्पांनीच विचारलं होतं. तेव्हा तेजलनं सगळ्यांना शेतातल्या छोट्या पाटापाशी नेलं. तिथं नमुन्याचा काळा तुकडा तळाला चिकटवलेला होता. तिनं मूठभर पांढरी रांगोळी पाण्यात सोडली.

"आता तळाकडे बघा," ती म्हणाली.

रांगोळी खाली बसली आणि तिच्या आपोआप रेघा झाल्या. शेजारी शेजारी, पाण्याच्या दिशेनं लांबत गेलेल्या, बारीक पांढऱ्या रेघा. कुणी काढल्या नव्हत्या. बायका पुढे सरकल्या, कारण रांगोळीच्या रेघेत त्यांना गम्य होतं.

"पाणी वरून एकसारखं वाहताना दिसतं," तेजल सांगू लागली, "पण भिंतीला अगदी चिकटलेलं पाणी हलतच नाही. त्याच्या वरचा थर जरासा सरकतो, त्याच्या वरचा अजून थोडा. या भिंतीलगतच्या पाण्यात धीम्या पाण्याच्या अरुंद पट्ट्या तयार होतात. रांगोळी त्या पट्ट्यांत गोळा होते, म्हणून रेघा दिसतात. आता एखाद्या रेघेवर नजर ठेवा."

एक रेघ थरथरली, वाकडी झाली आणि एकदम उसळून विस्कटली.

"झालं! ती पट्टी भिंतीवरून उसळली. तिच्या जागी वरचं वेगवान पाणी खाली आपटलं. असं सगळ्या पाटभर, दर क्षणाला हजारो ठिकाणी चालू असतं. पाण्याचा जोर वाया जातो तो बहुतेक इथंच, या नखाएवढ्या जागेत. आपलं अस्तर काय करतं, तर पट्टी उसळायला लागली की तिच्याखाली केसभर खचतं आणि उसळी बसवून टाकतं. अस्तराच्या आत बारीक बारीक फोड आहेत, लाखोंनी. त्यांना दाब कळतो. वीज मिळाली की ते हलतात."

तिनं बटण दाबलं. रेघा सरळ झाल्या, लांबल्या आणि एकमेकींपासून दूर सरकल्या. उज्ज्वलानं कमरेच्या पिशवीतून दाणे काढून अंतर मोजलं. आधी दोन रेघांत बाजरीचा दाणा मावत होता, आता ज्वारीचा मावू लागला. गावाला शास्त्र कळलं की नाही देव जाणे, पण बाजरी आणि ज्वारी कळली. त्याच उतारावर, त्याच पाटातून सव्वापट पाणी जाईल, असं तेजल म्हणाली, आणि तसं गेलंही. पहिली दोन वर्षं शेवटच्या फडात पाणी इतकं आलं की पंढरीनाथनं तेजलला साडी नेसवली.

करार सोपा होता. अस्तर कंपनीचं, वीज गावाच्या सौरपट्ट्यांची. बदल्यात बंधाऱ्यापासून अर्ध्या मैलावर एक नवा फाटा निघाला. तो माळावरच्या, कंपनीच्याच हायड्रोजनच्या कारखान्याला पाणी देई. पाण्यातून हायड्रोजन काढायचा तर पाणी लागणारच, आणि गावाला जादा झालेल्या पाण्यातला थोडा वाटा द्यायला कुणाची ना नव्हती. फाट्याचं तोंड ठरलेल्या मापाचं, सिमेंटमधे पक्कं केलेलं. त्याला दार नव्हतं, म्हणून त्यावर पहाराही नव्हता.

त्या दिवशी बंधाऱ्यावरून उज्ज्वला घरी गेली नाही. ती पाटाच्या कडेनं चालत सुटली. फाट्यापाशी थांबली. पाणी काठाशी आलं होतं. फाट्यानंतर आणखी मैलभर तसंच तुडुंब. आणि मग, वळणानंतर, पाटातलं पाणी हळूहळू उतरत गेलेलं.

इथं तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. मातीच्या पाटात पाणी चढलं म्हणजे पाणी जास्त आलं, हे बोरदऱ्यात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. चार पिढ्यांचं ते शहाणपण. त्यामुळे पाट भरलेला पाहून गाव निश्चिंत होतं आणि चोर दारावर शोधत होतं. पण पाणी दोन कारणांनी चढतं. जास्त आलं म्हणून, किंवा पुढे जाईना म्हणून. पुढे वाट अडली तर मागे तुंबणार, दोन बोटं वर चढणार आणि वरच्या पक्क्या तोंडातून जास्त जाणार. कोणतंही दार न हलवता.

पण वाट अडवणारं तिथं काहीच नव्हतं. ना गाळ, ना दगड. नुसतं गुळगुळीत काळं अस्तर.

ती शेजारच्या वस्तीवर गेली, वाटीभर रांगोळी मागून आणली. पाट खोल होता, म्हणून कडेच्या पायरीवर पोटावर पडून, जिथं पाणी हातभरच होतं तिथं, तिनं रांगोळी सोडली. रेघा धड उमटल्याच नाहीत. उमटायच्या आत उसळत होत्या, फुटत होत्या. खसखशीएवढीही जागा कुठं सलग राहत नव्हती. जे अस्तर उसळी बसवायला आणलं होतं, तेच खालून ढुसण्या देऊन पाण्याला उसळवत होतं. वळणापुढे तिनं पुन्हा रांगोळी सोडली. तिथं ज्वारीचा दाणा आरामात मावला.

दारावर पहारा बसवला आणि भिंतच चोर निघाली. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तिनं तिथूनच तेजलला फोन लावला.

"आई, शक्य नाही," तेजल आधी म्हणाली. मग उज्ज्वलानं दाण्यांचं माप सांगितलं, कुठून कुठपर्यंत ते सांगितलं, आणि पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू येऊ लागली.

"तेजू?"

"हे मी लिहिलंय, आई."

"काय लिहिलं?"

"अस्तर चालवणारा प्रोग्राम. पूर आला तर पाणी रोखून धरायला. अस्तर उलट चालवायचं, पाणी मंद होतं, वर चढतं. मला पुरासाठी लिही म्हणून सांगितलं होतं. आता वरच्या भागात ते रोज चालू आहे. आदेशावर कारखान्याच्या फाट्याची पातळी राखा, असं लिहिलंय." तिचा आवाज बारीक झाला. "प्रोग्रामखाली सही माझी आहे."

"मंग बंद कर."

"माझ्या एकटीच्या हातात नाही. मी वरती लिहिते, रीतसर. दोन महिन्यांत चौकशी होईल. तोवर तू काही बोलू नकोस. तू बोललीस तर पहिलं नाव माझं येईल. मला पुन्हा कुठं उभं करणार नाहीत."

"गहू दोन महिने थांबंल का?"

"आई, माझं आयुष्य आहे हे!"

"आन माझं काय शे? गाव माले चोर म्हनून राहिलं, तेजू. तुझ्या सहीनं."

"म्हणजे तू सांगणारच."

उज्ज्वलानं डोळे मिटले. पोटच्या पोरीचा तिला राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. या मुलीच्या हुशारीवर ती तीन वर्षं गावात मिरवली होती.

"तुझं नाव माझ्या तोंडून नाही निघनार," ती म्हणाली. "पन पानी कुठं जातं ते मी सांगनार. त्यातून तुझं नाव निघालं तर निघू दे."

पलीकडून फोन ठेवला गेला. पुढचे सात दिवस तो वाजला नाही. ती रोज त्याच्याकडे बघायची आणि स्वतःवरच चिडायची.

आठव्या दिवशी सकाळी अख्खं गाव फाट्याच्या पुढल्या कडेला जमलं. पंचांनी कंपनीलाही कळवलं होतं, म्हणून गद्रेसाहेब आले होते. हे कंपनीचे या भागातले मोठे अधिकारी. गोड बोलणारे, पायात पांढरे बूट. पाटाच्या चिखलात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाला आपण कुठं जातोय हे तरी ठाऊक नसतं, किंवा आपल्याला चिखल लागणार नाही याची खात्री असते.

उज्ज्वलानं जास्त भाषण केलं नाही. पायरीवर बसून रांगोळी सोडली आणि दगाजी आप्पांना वाकायला सांगितलं. रेघा फुटत होत्या. मग सगळ्यांना वळणापुढे नेलं, तिथल्या सरळ रेघा दाखवल्या, ज्वारीचा दाणा ठेवून. मग परत आणलं.

"वरती अस्तर पान्याले ढुसन्या देतं. पानी मंद होतं, तुंबतं, कारखान्याच्या फाट्यात जातं. दार कोनीच हलवलं नाही. हलवायची गरजच नाही."

"ताई," गद्रे हसले, "रांगोळीनं कालव्याची तपासणी होत नसते. इथं गाळ असेल, शेवाळ असेल. थांबा जरा." ते बाजूला गेले, पाठ करून फोनवर चार शब्द बोलले आणि परत आले. "हं. आता बघा बरं पुन्हा."

तिनं रांगोळी सोडली. रेघा सरळ होत्या. लांब, शांत, ज्वारीच्या मापाच्या. गर्दीतून एक 'अरे' उमटला. पंढरीनाथनं मान हलवली.

"बघा," गद्रे म्हणाले. "काही दोष नाही. विनाकारण—"

"घटकाभर आधी फुटत होत्या," उज्ज्वला म्हणाली. "या सगळ्यांनी बघितल्या."

"गाळ पुढे गेला असेल."

तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं. तिनं आणखी एक मूठ सोडली, नुसतीच, हात रिकामा करायला म्हणून. आणि रेघा फुटल्या. सरळ झाल्या. पुन्हा फुटल्या. सगळे वाकून बघू लागले. दहा श्वास सरळ, दहा श्वास विस्कटलेल्या. कुणी पाटाला हात लावला नव्हता. गाळ काही असा ताल धरून येत नाही आणि शेवाळ श्वास मोजत नाही.

पाचव्या खेपेला उज्ज्वलाला कळलं. दूर नाशिकच्या खोलीत कुणाला तरी अस्तर शांत करायला सांगितलं होतं, आणि तेजल ते नुसतं शांत करून थांबली नव्हती. ती साऱ्या गावादेखत कबुली देत होती. उज्ज्वलानं भर गर्दीत डोळे पुसले.

गद्रे फोनवर ओरडत होते. रेघा चालूच राहिल्या, फुटत आणि जुळत. मग त्यांनी फोन खिशात टाकला आणि तिच्या कानाशी आले.

"हे बघा ताई, आठवडाभर अस्तर शांत ठेवतो. तुमचा गहू निघेल. कशाला तमाशा?"

उज्ज्वला उभी राहिली. "आप्पा! साहेब म्हनतात, आठवडाभर अस्तर शांत ठेवतो. म्हनजे शांत न ठेवनं बी यांच्याच हातात होतं ना?"

गर्दी हलली. गद्रेंनी दोन पावलं मागं घेतली आणि एक बूट चिखलात गेला.

"वीज गावाची शे," ती पुढे म्हणाली. "करारात लिहेल शे. आपन ती बंद करू."

"बंद कराल तर हे नुसतं रबर," गद्रेंचा गोडवा संपला होता. "सव्वापट पाणी विसरा. तुमच्या आजोबांच्या वेळी मिळायचं तेवढंच मिळेल. चार फड भिजणार नाहीत. विचार करा."

हे खरं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की हे खरं आहे. उज्ज्वलानं ते नाकारलं नाही.

"कमी भेटंल," ती म्हणाली. "पन किती कमी, ते आपल्या डोळ्याले दिसंल. जे भिंतीच्या आत बसून कोनी तिसराच वाटतो, ते पानी जास्त असलं तरी आपलं नाही. आज गहू देतील, उद्या दुसऱ्या गावाचा तोडून देतील. माले तसलं पाटकरीपन नको. घ्या फावडं परत."

कुणी फावडं घेतलं नाही. दगाजी आप्पांनी पंचांकडे पाहिलं. असा प्रश्न आला तर बोरदऱ्यात उत्तर शोधावं लागत नाही, ते आधीच ठरलेलं असतं.

"चाऱ्याचा फड सोडू," पंढरीनाथच बोलला. चाऱ्याच्या फडात त्याच्या सहा म्हशींची वैरण होती. तो उज्ज्वलाकडे बघत नव्हता, पण आवाज चढाच होता. "कोरडा जाऊ दे. सगळ्यांचाच जाईल."

"कोनाची ना?" आप्पांनी विचारलं. कुणाची नव्हती.

सौरपट्ट्यांच्या खोलीत उज्ज्वला स्वतः गेली आणि खटका खाली ओढला. बाहेर येऊन तिनं रांगोळी सोडली. दोन रेघांत बाजरीचा दाणा बसला. भिंत आता कुणाचीच नव्हती. थोड्या वेळानं फाट्यापाशी पाणी दोन बोटं उतरलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी शेवटच्या फडाच्या तोंडाशी आलं. जुन्या चालीनं, रेंगाळत, पण आलं. उज्ज्वला फावड्यानं वाफ्याची तोंडं फोडत होती, तेवढ्यात बांधावरून तेजल आली. खांद्याला बॅग, बसच्या धुळीनं माखलेली.

"कामावरून काढलं?" उज्ज्वलानं विचारलं.

"मीच सोडून आले. सगळं लिहून दिलं आधी. कुणी सांगितलं, कधी चालू झालं, सगळं. प्रती पाटबंधारे खात्याला पाठवल्या." तेजल ओठ चावत थांबली. "आई, त्या दिवशी मी तुला नको नको ते..."

"मी बी बोलले. पुढं सांग."

"पुढे कंपनी कोर्टात जाणार. तू यंत्रणा बंद पाडलीस, मी गुपित फोडलं. दोघींवर दावा."

"दोघींवर? एकाच कागदात?"

"एकाच."

उज्ज्वला हसली, या आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा, आणि तिनं फावडं लेकीच्या हातात दिलं.

"मंग बूट काढ आन वाफ्याची दारं धर. कोर्टाच्या तारखेले जाऊ आपन, नटून-थटून जाऊ. पन गहू काही तारखेपर्यंत थांबनार नाही."